प्रलयाच्या दुसऱ्या दिवशी

माझी भाची पंधरा वर्षांची आहे आणि जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी वाचायचा तिला नाद आहे. मध्यंतरी तिने एक जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवली. समुद्र चढलेले, शहरं ओस पडलेली, जुने देव परत आलेले आणि त्यांच्यापैकी एकाचं रक्त अंगात असलेली सोळा वर्षांची नायिका. शेवटच्या लढाईत ती राक्षसाला मारते. पुस्तक मिटून भाची म्हणाली, "मावशी, राक्षस मेला ते ठीक. पण आता हे लोक खाणार काय?" पुढच्या भागात असेल, असं मी सांगितलं. पुढचा भाग तिने आणून वाचला. त्यात दुसरा राक्षस होता.

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पुराणकथांवर उभ्या असलेल्या प्रलयोत्तर कादंबऱ्या आज कुमारवयीन वाचकांच्या हाती मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यावरून मोठ्यांमध्ये वादही होतात. काहींना वाटतं, या गोष्टी मुलांना घाबरवतात, उदास करतात. काहींना वाटतं, या गोष्टी पुराणांची मोडतोड करतात. दोन्ही मुद्द्यांकडे मी येणार आहे, पण माझी तक्रार या दोन्हींहून वेगळी आहे. हे लेखक पुराणांतून फार कमी घेतात. शस्त्रागार लुटतात आणि शेजारचं धान्याचं कोठार न उघडताच निघून जातात.

पाहा ना, बहुतेक कथांमध्ये पुराणातून नेमकं काय येतं? अस्त्रं येतात, राक्षस येतात आणि वंश येतो. नायकाला बारा-तेराव्या वर्षी कळतं की आपला बाप किंवा आई देव आहे. मग त्याच्या अंगात वीज किंवा पाणी किंवा आग खेळू लागते. प्रलय हा फक्त पडदा असतो, मागे टांगलेला. तो पडदा काढून तिथे शाळेचं पटांगण लावलं तरी गोष्ट तशीच चालेल. वाचणाऱ्या मुलाच्या हाती यातून काय लागतं, याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं. त्याच्या अंगात कुणाही देवाचं रक्त नाही, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे जग कोसळलं तर वाचवणारं दुसरंच कुणीतरी असणार, आपण गर्दीतले, हे तो नकळत शिकतो.

वेगळ्या वाटेने गेलेली पुस्तकं आहेत, हेही सांगायला हवं. 2008 साली आलेल्या 'द हंगर गेम्स'च्या लेखिका सुझन कॉलिन्स यांनी स्वतः सांगितलं आहे की त्यांच्या मनात थिसियस आणि मिनोटॉरची ग्रीक कथा होती. क्रीटच्या राजाला खंडणी म्हणून अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या आणि त्यांना मिनोटॉर या बैलाच्या तोंडाच्या राक्षसाच्या भुलभुलैयात सोडून द्यायचं, ही ती कथा. त्या कादंबरीत देव नाही, जादू नाही, बैलाच्या तोंडाचा राक्षसही नाही. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची मुलं मागायची आणि हरलेल्यांनी ती द्यायची, एवढा एक व्यवहार त्यांनी पुराणातून उचलला. मला तो उचलणं महत्त्वाचं वाटतं. पुराणकथेचं हाड त्यात आहे, वर कातडं कुठलंही असो.

आता आपल्या घरच्या कोठाराकडे या. महाभारतात युद्ध संपतं, पण महाभारत संपत नाही. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी यादव एकमेकांना मारून संपतात. ऋषींच्या शापातून जन्मलेलं मुसळ भीतीपोटी कुटून समुद्रात टाकलं होतं. विष्णुपुराण आणि भागवत सांगतात की तो चुरा किनाऱ्याला लागून त्याची एरका नावाची पात उगवली, तीच उपटून यादवांनी एकमेकांचे जीव घेतले आणि उरलेला लोखंडाचा तुकडा माशाच्या पोटातून निघून जरा नावाच्या व्याधाच्या बाणाला लागला. तोच बाण कृष्णाच्या पायात घुसला. नको असलेली वस्तू समुद्रात ढकलून दिली की ती गेली, असं मानणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ती समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर अर्जुन येतो. उरलेल्या बायका, म्हातारे आणि मुलं यांना घेऊन तो निघतो आणि मागे समुद्र द्वारका गिळतो. वाटेत लुटारू पडतात. त्यांच्या हातात काय असतं? काठ्या. आणि अर्जुनाच्या हातात गांडीव. तो धनुष्याला दोरी लावायला जातो, तर ती कशीबशी लागते. अस्त्रं आठवू पाहतो, तर आठवत नाहीत. ज्या भात्यांतले बाण कधी संपत नसत, ते रिकामे होतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने माणसांना ढोसत राहतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका ओढून नेल्या जातात. काही जणी तर आपणहून जातात. पुढे व्यास त्याला सांगतात की अस्त्रांचं काम झालं होतं, म्हणून ती जिथून आली होती तिथे परत गेली.

आजच्या कादंबऱ्यांत प्रलयानंतर अस्त्रं सापडतात आणि महाभारतात प्रलयानंतर अस्त्रं जातात. या फरकात मला सगळा मुद्दा दिसतो. जग मोडल्यावर जुन्या जगाची ताकद चालत नाही, हे त्या काठ्यांच्या प्रसंगात जितकं अंगावर येतं तितकं कुठल्याही राक्षसवधात येत नाही. ज्याने खांडववन जाळलं, ज्याच्यासमोर देव मागे हटले, तो माणूस काठीवाल्यांसमोर उभा राहून घामाघूम होतो. तिथून पुढे काय करायचं, हा तरुणांचा प्रश्न आहे.

खांडववनाचं नाव निघालंच आहे तर तिथेही जाऊ, कारण प्रलयोत्तर कथेचा सगळ्यात लांब धागा तिथून निघतो. अग्नीला वन हवं होतं आणि कृष्ण-अर्जुनांनी ते पेटवू दिलं, पळणाऱ्या प्राण्यांना बाहेर पडू दिलं नाही. त्या आगीतून जे थोडे वाचले, त्यांत तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन होता. त्याच्या आईने त्याला गिळून पोटात घेतलं आणि ती आकाशात उडाली. अर्जुनाने तिचं डोकं उडवलं आणि मुलगा निसटला. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला. त्याला निमित्त एका ऋषिपुत्राच्या शापाचं होतं, पण तक्षकाचं घर कुणी जाळलं होतं, हे ऐकणाऱ्याला आठवल्यावाचून राहत नाही. मग परीक्षिताचा मुलगा जनमेजय जगातले सगळे नाग एकाच यज्ञात जाळायला बसला. आणि आपण ज्याला महाभारत म्हणतो ते या यज्ञाच्या मंडपात सांगितलं गेलं. एकीकडे साप आगीत पडत आहेत आणि मधल्या वेळात वैशंपायन राजाला त्याच्या पूर्वजांची गोष्ट सांगत आहेत.

तो यज्ञ थांबवतो कोण? आस्तीक नावाचा मुलगा. त्याची आई नाग, बाप ब्राह्मण. दोन रक्तांचं मूल, म्हणजे आजच्या कादंबऱ्यांचा लाडका साचा. पण आस्तीकाच्या हातून वीज पडत नाही. तो मंडपात येतो, राजाची आणि यज्ञाची स्तुती करतो, राजा खूश होऊन वर माग म्हणतो, आणि तक्षक आगीच्या वर अधांतरी लटकलेला असताना हा मुलगा म्हणतो, यज्ञ थांबव. राजा सोनं देऊ करतो, गाई देऊ करतो. मुलगा ऐकत नाही. दोन्ही बाजूंचा असणं हीच त्याची ताकद आहे. जळणारे त्याचे मामा आहेत आणि जाळणाऱ्यांच्या मंडपात बसायचा त्याला हक्क आहे. दैवी बाप असलेल्या मुलांच्या शेकडो पानांच्या कथा लिहिणाऱ्यांपैकी कुणी या मुलाकडे नीट पाहिलं आहे का, असं मला विचारावंसं वाटतं. कुणी म्हणेल, आस्तीक तरी कुठे साधा मुलगा आहे, नागांना वाचवण्यासाठीच तो जन्माला आला, असं कथाच सांगते. खरं आहे. त्याचा जन्म ठरवून झाला. पण नेमून दिलेलं काम असूनही त्याला ते बोलूनच करावं लागलं, समोरच्याला दिलेला शब्द पाळायला लावून.

इतरत्रही हेच आढळतं. प्राचीन मेसोपोटेमियातल्या गिल्गामेशच्या महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीवर महापूर ओसरल्यावर त्यातून वाचलेला उत्नपिश्तिम नावेची खिडकी उघडतो. गालावर ऊन पडतं, आणि तो खाली बसून रडतो. पक्षी सोडणं वगैरे नंतर. ग्रीक कथेत महापुरातून वाचलेल्या ड्यूकेलियन आणि पिर्रा या जोडप्याला आज्ञा होते की आईची हाडं मागे फेका. पिर्रा हादरते, आईची विटंबना कशी करायची? मग त्यांना उमगतं की आई म्हणजे धरणी आणि हाडं म्हणजे दगड. त्या दगडांतून माणसं होतात.

उत्तर युरोपच्या कथेचं मला विशेष वाटतं, कारण त्यातला फक्त लांडगा, साप आणि हातोडा बाजारात चालतो. रॅग्नारोकच्या, म्हणजे देवांच्या आणि जगाच्या अंताच्या, आधी म्हणे लागोपाठ तीन हिवाळे येतात आणि मध्ये उन्हाळाच नसतो. काही अभ्यासक या कल्पनेचा संबंध इ.स. 536 शी जोडतात. त्या वर्षी ज्वालामुखीच्या उद्रेकाने आकाशात धूळ पसरली, आणि प्रोकोपियस या बायझंटाइन इतिहासकाराने लिहून ठेवलं की सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज होता. म्हणजे या कथेच्या पोटात खरीखुरी उपासमार असू शकते. आणि ती संपते कशी? सूर्य त्या भाषेत स्त्री आहे. लांडग्याने गिळण्याआधी ती एका मुलीला जन्म देते आणि ती मुलगी आईच्या वाटेवरून चालू लागते. झाडीत लपलेली दोन माणसं सकाळच्या दवावर जगून बाहेर येतात. उरलेल्या देवांना गवतात सोन्याच्या सोंगट्या सापडतात, ज्यांनी त्यांचे वाडवडील एकेकाळी खेळत असत. गवतातल्या त्या सोंगट्या मला कुठल्याही हातोड्यापेक्षा मोठ्या वाटतात. लढाईची पानंच्या पानं लिहिणाऱ्याला ही ओळ दिसू नये, याचं वाईट वाटतं.

आता भीतीचा मुद्दा. जग संपण्याच्या गोष्टी मुलांना द्याव्यात का? ज्या पालकांना ही काळजी वाटते त्यांची काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मुलांना जग मोडू शकतं हे कादंबरीतून कळत नाही. ते त्यांना बातम्यांतून, भूगोलाच्या पुस्तकातून आणि मोठ्यांच्या अर्धवट तोडलेल्या संभाषणांतून आधीच कळलेलं असतं. आपण गप्प बसलो तर ती भीती एकटी राहते, एवढंच होतं.

आणि आपल्या जुन्या कथा सांगणाऱ्यांनी मुलांपासून हे लपवलं नाही. खांडववनाच्या आगीतच चार पिल्लांची गोष्ट आहे. शार्ङ्गक पक्ष्यांची ती पिल्लं, पंख न फुटलेली. बाप मंदपाल दुसऱ्या मादीबरोबर निघून गेलेला. आई जरिता एकटी, आणि आग जवळ येते आहे. चौघांना उचलून उडणं तिला शक्य नाही. ती म्हणते, या झाडाखाली उंदराचं बीळ आहे, त्यात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं म्हणतात, आत उंदीर असला तर? आई सांगते, त्याला ससाण्याने नेलं, मी पाहिलं. पिल्लं म्हणतात, दुसरा नसेल कशावरून? उंदराने खाण्यापेक्षा आगीत गेलेलं बरं. आणि मग ती आईला म्हणतात, तू जा, तू तरुण आहेस, तुला आणखी मुलं होतील. आई जाते. पिल्लं आगीशी बोलतात, तिची स्तुती करतात, आणि आग त्यांना सोडून पुढे जाते. आई परत येऊन एकेकाला पोटाशी घेऊन रडते. सगळं शांत झाल्यावर बाप येतो. तो एकेका पिल्लाला हाक मारतो, जरितेला हाक मारतो. कुणीच त्याच्याशी बोलत नाही, बरं नाही की वाईट नाही.

ही गोष्ट ज्यांनी रचली त्यांना मुलांची ताकद ठाऊक होती. आग, सोडून गेलेला बाप, आईची अगतिकता आणि पिल्लांनी स्वतः घेतलेला निर्णय, सगळं उघड्यावर मांडलं आहे. बापाला मिळालेली ती शांतता तर आजच्या कुठल्याही कुमार कादंबरीत चपखल बसावी.

मोडतोडीच्या मुद्द्यावर माझं मन इतकं सरळ नाही. पुराणकथा बदलू नयेत, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की मुसळाची गोष्टच महाभारतात एक आहे आणि पुराणांत थोडी वेगळी. सांगणाऱ्यागणिक कथा हलत आली आहे. पण एक अडचण मला खरोखर वाटते. ग्रीकांच्या झ्यूस देवाला आज फारसं कुणी पूजत नाही. त्याला चष्मा लावला, मोटारीत बसवला तरी कुणाचं देवघर हलत नाही. जिवंत श्रद्धांचं तसं नाही. 2018 साली अमेरिकेत नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या देवकथांवर बेतलेली एक प्रलयोत्तर कादंबरी गाजली, मोठ्या पुरस्कारांच्या यादीतही गेली. लेखिका त्या समाजात जन्मलेल्या नव्हत्या. नवाहो लेखकांच्या एका गटाने जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला की आमच्या श्रद्धा उचलून त्यांचं चुकीचं रूप मांडलं आहे. ज्या समाजात काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असा दंडक आहे, त्यांना आपले देव बंदुकांच्या धुमश्चक्रीत पाहून काय वाटलं असेल, हे समजून घ्यायला हवं. लेखिकेच्या बाजूनेही अनेक जण बोलले. मला त्या वादात दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं, पण माझा कल पत्र लिहिणाऱ्यांकडे आहे. आणि त्याचं कारण पुन्हा तेच. फक्त शस्त्रं आणि राक्षस उचलले की मालकीचं भांडण होणारच, कारण उचलणाऱ्याने कथेचं देणं काही स्वीकारलेलं नसतं. कथा सांगणाऱ्यांच्यात बसून, ती कधी आणि का सांगतात हे विचारून जो लिहितो, त्याच्या हातून शस्त्रांपलीकडचंही काही येतं.

उरला तो प्रकाशकांचा आवडता मुद्दा. बी पेरणं, विहीर साफ करणं, भांडणं मिटवणं यांत गोष्ट कुठे आहे, पोरांना वेग लागतो. त्यांनी दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं चक्कवत्ति-सीहनाद सुत्त वाचावं. एका राजाने गरिबांना मदत करणं सोडलं. त्यातून दारिद्र्य आलं, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून खून, खुनांतून खोटेपणा. पिढ्यान्‌पिढ्या माणसाचं आयुष्य घटत जातं. शेवटी माणसं फक्त दहा वर्षं जगतात आणि मुलींची लग्नं पाचव्या वर्षी होतात. तुपाची, मिठाची चव जगातून नाहीशी झालेली असते. म्हणजे सगळं जग मुलांचंच. मग सात दिवस असे येतात की माणसाला माणूस जनावर दिसू लागतो, हातात तलवारी येतात आणि कत्तल सुरू होते. काही जण ठरवतात, मला कुणी मारू नये आणि मीही कुणाला मारू नये. ते गवतात, झाडीत, नदीतल्या बेटांवर, डोंगराच्या कपारींत लपतात. सात दिवस कंदमुळांवर काढतात. आठव्या दिवशी बाहेर येतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि म्हणतात, तू जिवंत आहेस! मग तिथेच बसून विचार करतात की आपण इतके नातेवाईक का गमावले, आणि आता आधी काय सोडायचं. मारणं सोडायचं, असं ठरतं. त्यांची मुलं वीस वर्षं जगतात.

यात वेग नाही असं कोण म्हणेल? आणि कत्तलीचे सात दिवस तिथे दोन-चार ओळींत संपतात. कथेचं लक्ष आठव्या दिवसावर आहे.

कल्की मी विसरलेले नाही. पुराणांतही शेवटी घोड्यावरून येणारा तारणहार आहे, हे मला मान्य आहे. पण त्याच हिशेबाने कलियुग 4,32,000 वर्षांचं आहे आणि ते सुरू झालं कृष्ण गेल्यावर. म्हणजे परंपरेच्या मोजणीत जग एकदा कोसळून गेलं आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठावर जे राहतात ते आपण. घोडेस्वाराला यायला अजून फार अवकाश आहे. तोवरची सगळी वर्षं साध्या माणसांनी काढायची आहेत.

भाचीला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. फक्त वज्राबद्दल सांगितलं. वज्र म्हणजे अनिरुद्धाचा मुलगा, कृष्णाचा पणतू, द्वारकेतून वाचलेला मुलगा. अर्जुनाने त्याला इंद्रप्रस्थात राजा म्हणून बसवलं. हस्तिनापुरात परीक्षित, इंद्रप्रस्थात वज्र, आणि पांडव निघून गेले. इंद्रप्रस्थ हे खांडववनाच्या शेजारी वसलेलं शहर, त्या वनाच्या राखेवर वाढलेलं. म्हणजे बुडालेल्या शहरातला मुलगा, जळालेल्या जंगलाच्या काठावर, आणि भोवती वाटेत लुटल्या गेलेल्या काफिल्यातून उरलेल्या बायका. काहींच्या मुली लुटारूंनी नेलेल्या. ज्याने त्यांना वाचवायचं होतं त्याचं धनुष्य चाललं नव्हतं, हे त्या सगळ्या जाणून होत्या. त्या मुलासमोर पहिल्या दिवशी कुणीतरी येऊन विचारलं असेल.

"काय विचारलं असेल?" मी तिला म्हटलं.

"खायला काय आहे," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "आणि नेलेल्यांना शोधायला कोण जाणार."

ती सध्या वहीत काहीतरी लिहिते आहे. मला अजून दाखवलेलं नाही.